धोंड्याचा महिना धरून

"झाली का?"

बाळंतपणाची तारीख उलटल्यानंतर मला सगळ्यात जास्त राग या दोन शब्दांचा यायचा. सकाळी सासूबाईंचा फोन, दुपारी नणंदेचा, संध्याकाळी कामावरच्या मैत्रिणीचा. फोन मी स्वतः उचलतेय म्हणजे झाली नाही, हे सरळ आहे. तरी विचारायचे. शेवटी शेवटी मी "हॅलो"च्या जागी "नाही झाली" म्हणायला लागले.

हे लिहितेय ते माझ्यासारख्या बाईसाठी, जिचे दिवस भरून वर गेलेत, कळा येत नाहीत, आणि घरातलं प्रत्येक माणूस काहीतरी सांगतंय. औषधांची नावं मला आठवत नाहीत आणि ती सांगणं माझं कामही नाही. ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. माझं काय झालं, माझं कुठं चुकलं आणि माझ्या आईचं कुठं चुकलं, एवढंच सांगते. माझी मुलगी आता अडीच वर्षांची आहे. इतके दिवस लिहिलं नाही, आत्ता लिहितेय, कारण या वर्षी पुन्हा धोंडा आहे. त्याचा इथं काय संबंध, ते पुढं येईल.

आईला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, "लिही. पण म्या काय म्हणलं तेबी लिही. नुसतं तुझंच नको."

बाहेर बसलेली

मी हिंगोलीत एका सेवा केंद्रात कॉम्प्युटरवर बसते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, पेन्शनचे फॉर्म. दिवसभर लोकांना जन्मतारीख विचारणं हा माझा धंदा. खेड्यातली म्हातारी माणसं सांगतात, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा जलम," किंवा "हळद शिजवून राहिले होते तवाचा." मी हसायचे. ते हसू पुढं माझ्याच अंगाशी आलं.

माझी स्वतःची तारीख मात्र पक्की होती. महाशिवरात्रीला आमच्या घरचे सगळे औंढ्याला दर्शनाला निघाले होते. गाडी दारात उभी, मी नवी साडी नेसलेली, आणि नेमकी माझी पाळी आली. सासूबाई म्हणाल्या, "आजच बराबर?" जणू मीच ठरवून आणली होती. सगळे गेले आणि मी मागच्या खोलीत शेंगदाणे खात दिवसभर फुगून बसले. त्या रागाचा फायदा इतकाच झाला की तारीख कायमची डोक्यात बसली. पुढं दिवस राहिले, तेव्हा डॉक्टर मॅडमनी शेवटच्या पाळीची तारीख विचारली आणि मी पटकन सांगितली. पहिल्या सोनोग्राफीतही तीच जुळली. मॅडमनी कार्डावर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख लिहिली. त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून दिवाळीच्या आधी मी आईकडं गेले. आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडं. वडील गेल्यापासून आई एकटीच शेत बघते, दीड एकर हळद आणि थोडा कापूस. भिंतीवर कॅलेंडर असतं, पण आई त्यावरचे मोठे आकडे बघत नाही. खालची बारीक तिथी माझ्याकडून वाचून घेते आणि हिशोब बोटांच्या पेरांवर करते.

एका दुपारी तिनं माझे महिने मोजले. माघातली शिवरात्र धरली. अंगठा एकेका पेरावर ठेवत गेली. फाल्गुन, चैत, वैशाख, जेठ, आखाड. पुढं श्रावण आला. त्या वर्षी श्रावणाच्या आधी धोंड्याचा महिना पडला होता. दर तीनेक वर्षांनी येणारा हा जादाचा महिना. आईनं तो सोडून दिला.

"धोंडा न्हाई का मोजायचा?" मी विचारलं.

"धोंडा कुठं मोजत असतेत. त्यात लगीन न्हाई, बारसं न्हाई, वास्तू न्हाई. त्यो हिशोबात नसतो."

"आई, त्याच महिन्यात तू जावयाला जेवायला बोलावलं होतंस. तेहतीस अनारसे दिलेस ताटात घालून. त्यांनी घरी नेऊन आठ दिवस खाल्ले."

"त्यो जावयाचा महिना. लेकराचा न्हाई."

मला इतकं हसू आलं की पोट धरून बसावं लागलं. नवऱ्याला, म्हणजे गजाननला फोन करून सांगितलं. तोही हसला. म्हणाला, "अनारसे मात्र मोजूनच दिले होते बरं का." ही घरातली गंमत झाली. आई गंमत करत नव्हती, ती त्याच मोजणीवर भरवसा ठेवून बसली होती, हे माझ्या लक्षात आलं नाही. तिच्या हिशोबानं माझे नऊ महिने कार्तिकातल्या अमावस्येला भरणार होते आणि वर नऊ दिवस. मॅडमच्या आणि तिच्या तारखेत जवळजवळ एका महिन्याचं अंतर होतं.

तिची स्वतःची दोन्ही बाळंतपणं धोंडा नसलेल्या वर्षांत झाली होती. त्यामुळं तिचं गणित तिला कधी चुकलेलं दिसलं नाही. हे मला फार नंतर सुचलं.

कच्ची हळद

त्रिपुरी पौर्णिमा आली आणि गेली. कार्डावरची तारीख गेली. पोटात काही हलत होतं, पण ते बाहेर येण्यासाठी नव्हतं.

मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. तारखेनंतर आठवडाभर वाट बघू, तोवर दोन-तीन दिवसांनी दाखवून जा, आठवड्यानं कळा आल्या नाहीत तर दवाखान्यात भरती करून कळा आणू. मी एकदाच दाखवून आले. तेव्हा सगळं ठीक होतं.

त्या दिवसांबद्दल कोणी गोड लिहीत असेल तर लिहो. मला त्यात गोड काही सापडलं नाही. या कुशीवर झोपलं की ती कूस दुखायची. पाय सुजून चपलेत जाईनात, म्हणून वडिलांची जुनी रबरी चप्पल घालून फिरत होते. शेजारपाजारच्या बाया येऊन पोटाकडं बघायच्या आणि "अजून खाली उतरलं न्हाई" असं निकाल दिल्यासारखं सांगून चहा पिऊन जायच्या. सासूबाई फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होत्या. जिने चढ, उकिडवी बस, खजूर खा. खजूर खाऊन खाऊन मला त्याचा वासही नको झाला.

आठवडा पूर्ण झाला त्या दिवशी गजाननचा फोन आला. "मी गाडी घेऊन येतो. मॅडमनी सांगितलंय ना."

आई शेजारीच बसली होती. म्हणाली, "कच्चं लेकरू काढायला लागलेत काय? पानं वाळल्याबिगर हळद काढत असतेत का?"

"मी वाफ्यात नाही आई."

"तेच म्हणून राहिले. वाफ्यातली हळद बी आपल्या येळंला तयार व्हती, मंग लेकराला काहून घाई? माझ्या हिशोबानं अजून लई दिवस हायेत."

इथं मी माझा गुन्हा कबूल करते. मी शिकलेली आहे, तारीख मला पाठ होती, कार्ड उशीखाली होतं. तरी मी गजाननला म्हणाले, "दोन दिवस थांबा." कारण मला कळांच्या सुईची भीती वाटत होती. आमच्या गावात प्रत्येक आळीत एक गोष्ट आहे, अमकीला सुई दिली, कळा आल्या, जीव अर्धा झाला आणि शेवटी पोटच फाडलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. आईनं मला थांबायला कारण दिलं आणि मी ते घट्ट धरलं. तिची मोजणी चूक आहे हे मला माहीत होतं. मला हवी होती म्हणून मी ती चालवून घेतली.

दोनाचे चार दिवस झाले.

चौथ्या दिवशी दुपारी जेवले आणि डाव्या कुशीवर आडवी झाले. रोज जेवण झालं की बाळ लाथा मारायचं, तशी त्याची सवयच होती. त्या दिवशी काही नाही. मी थांबले. पोटाला हात लावून बसले. आईनं गुळाचं पाणी करून दिलं. ते पिऊन बऱ्याच वेळानं एकदा काहीतरी हललं, अगदी थोडं, कूस बदलल्यासारखं.

"झोपलंय ते," आई म्हणाली.

"इतका वेळ?"

"थंडीचे दिवस हायेत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आयुष्यात आईशी मी इतक्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. "तू मोजत बस तुझी पेरं. माझं लेकरू हलत नाहीये. मी चालले." गजाननला फोन केला. तो तासाभरात मित्राची गाडी घेऊन आला. आई पिशवी भरून मागच्या सीटवर येऊन बसली. हिंगोलीपर्यंत हात मी पोटावरून काढला नाही.

दिवस सांगा

दवाखाना दहा-बारा खाटांचा आहे. सोनोग्राफी झाली. ठोके होते. ते ऐकले आणि मी रडले. मग मॅडम म्हणाल्या, "ठोके आहेत, पण बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय. अकरा दिवस वर गेलेत. आता वाट बघायची नाही. आज कळा सुरू करू. जमलं तर नॉर्मल, नाहीतर सिझर."

आई दाराशी उभी होती. म्हणाली, "मॅडम, तकलीफ देऊ नका तिला. आमच्या हिशोबानं अजून दिवस बाकी हायेत." आणि तिनं पेरं मोजून दाखवली, धोंडा सोडून.

मला वाटलं मॅडम हसतील किंवा ओरडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. म्हणाल्या, "काकू, महिने राहू द्या. शिवरात्रीपासून आजपर्यंत दिवस किती झाले, ते सांगा."

आईला दिवस सांगता आले नाहीत. ती बाहेर जाऊन बाकावर बसली.

वाट बघायची नोकरी

कळा आणणं म्हणजे मोटारीचं बटण दाबल्यासारखं असेल, असं मला वाटलं होतं. दाबलं की पाणी सुरू. तसं नसतं, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी तुम्हाला सांगतेय.

आत औषध ठेवतात. ठेवताना दुखतं. मग तासभर उताणं पडून राहायचं, उठायचं नाही. पोटावर पट्टा बांधतात, त्यातून बाळाचे ठोके मोठ्यानं ऐकू येतात आणि मशीनमधून कागद सरकत राहतो. सिस्टर येतात, कागद बघतात, जातात. मग काही तास नुसते बसून काढायचे. पुन्हा तपासणी. तपासणीत काय असतं ते बाईला सांगायला नको, आणि पुरुषांना सांगून कळणार नाही.

"किती दुखतंय?" सिस्टर विचारायच्या.

"थोडं. कमरेत."

"थोडं नको आपल्याला. चाला."

मी चालले. पाण्याच्या फिल्टरपासून औषधाच्या खिडकीपर्यंत आणि परत. रात्री पुन्हा औषध ठेवलं. पुन्हा तेच. गर्भपिशवीचं तोंड एक बोट उघडलं होतं, ते सहा तासांनी दीड बोट झालं. सगळ्या दिवसाची कमाई अर्धं बोट.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या खाटेवर तांड्यावरची शीला आली. तिचं तिसरं बाळंतपण. सोबत तिची आई होती, शीला तिला याडी म्हणायची. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. शीला चालत आली, तीन-चार कळांत आत गेली, आणि दुपारच्या आधी मुलगा घेऊन बाहेर आली. नंतर खाटेवर बसून शिरा खात होती. मला तिचा इतका राग आला की मी तोंड भिंतीकडं करून झोपले. तिनं माझं काही वाकडं केलं नव्हतं. पण त्या वेळी जगात कोणाचंही बाळ बाहेर आलेलं मला सहन होत नव्हतं. कोणाला असं वाटलं तर लाज वाटून घेऊ नका. ते निघून जातं.

तोवर बाहेर वेगळीच लढाई चालली होती. सासूबाईंचा फोन, "काहून इतका येळ लागून राहिला? दुसरीकडं न्या की." गजाननचं म्हणणं, सिझर करून मोकळं होऊ. आईचं म्हणणं, पोट फाडू नका. दोघं माझ्या खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून, माझ्या डोक्यावरून बोलत होते. मॅडमना काय सांगायचं, किती वेळ द्यायचा, कोण सही करणार. मी मध्ये पट्टा बांधून पडलेली.

"पोट माझं आहे," मी म्हणाले. "मला विचारा ना कोणीतरी."

गजानन खाली वाकून म्हणाला, "बरं. तू सांग. काय करायचं?"

आणि मला उत्तर येईना. मला फक्त कोणीतरी विचारायला हवं होतं. मी म्हणाले, "मॅडम सांगतील ते. पण त्यांनी ते मला सांगायचं, तुम्हाला नाही." गजानननं तसंच जाऊन सांगितलं. त्यानंतर मॅडम प्रत्येक वेळी माझ्याकडं बघून बोलल्या. त्या दोन दिवसांत माझ्या हातात एवढीच एक गोष्ट आली, पण ती मला फार उपयोगी पडली.

हिरवं पाणी

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सलाईनमधून औषध चालू होतं. दुपारी कळा आल्या. शीलाच्या कळा चढत चढत आल्या होत्या, श्वास घ्यायला मध्ये जागा होती. माझ्या तशा नव्हत्या. एक जाते तोवर दुसरी दारात उभी. हाताला सलाईन, पोटाला पट्टा, खायला बंदी, पाण्याचा घोट मागितला तर एकच घोट. कमरेत इतकं दुखायचं की मला बोलता येत नव्हतं. गजानन बिचारा "काय करू, काय करू" विचारत होता, आणि त्याचा तो प्रश्नच मला नको झाला होता.

तेव्हा याडी उठली. नातवाला शीलाजवळ ठेवून माझ्यामागं येऊन उभी राहिली. काही विचारलं नाही. हाताचा तळवा माझ्या कमरेवर ठेवला आणि कळ आली की सगळा भार देऊन दाबलं. कळ गेली की हात सैल. पुन्हा आली की पुन्हा दाब. तासभर ती बाई तशी उभी होती. अख्ख्या त्या दिवसांत मला भेटलेल्या माणसांत ही एकटीच, जिनं मला "झाली का" विचारलं नाही.

मग मला आत नेलं. मॅडमनी पाण्याची पिशवी फोडली. सिस्टरनी मॅडमकडं बघितलं. मी विचारलं, "काय झालं?"

"पाणी हिरवं आहे," मॅडम म्हणाल्या. "बाळानं आत शी केलीय. ठोके अजून चांगले आहेत. मी तुला थोडा वेळ देते. ठोके पडले तर लगेच सिझर. कळतंय ना?"

"हो," मी म्हणाले. बाहेर गजाननकडून सही घेतली ते मला नंतर कळलं.

आईला कोणीतरी सांगितलं असावं. दार उघडलं तेव्हा ती मला दिसली. तिचे दोन्ही हात पदरात गुंडाळलेले होते.

पुढचं सगळं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी मशीनचे ठोके ऐकत होते आणि ते थांबू नयेत म्हणून जोर लावत होते. मनात एकच गोष्ट होती. चार दिवस मी थांबवले. या लेकराला काही झालं तर ते माझ्यामुळं.

बाळ आलं आणि रडलं नाही.

किती वेळ, मला सांगता येणार नाही. गजानन नंतर म्हणाला, मिनिटभरही नसेल. त्याला काय माहीत, तो बाहेर होता. सिस्टर बाळाच्या नाकातोंडातलं पाणी काढत होत्या, पाठ चोळत होत्या. मग एक घोगरा, चिडलेला आवाज आला. सर्दी झालेल्या म्हाताऱ्या माणसासारखा.

"मुलगी आहे," मॅडम म्हणाल्या. "रागावलीय तुझ्यावर."

रागावू दे, मी म्हणाले. कितीही रागावू दे.

नखं

एक रात्र तिला काचेच्या पेटीत ठेवलं. सकाळी कपड्यात गुंडाळून माझ्याकडं दिलं. मी आधी पाय बघितले. तळव्यांची आणि मनगटांची कातडी कोरडी पडून सुटत होती. आणि नखं. नवजात बाळाची नखं म्हणजे असून नसल्यासारखी असतात, हिची बोटांच्या पुढं आली होती. त्या नखांनी तिनं रात्रीतून स्वतःच्याच गालावर दोन ओरखडे काढले होते.

"घाबरू नका," सिस्टर म्हणाल्या. "दिवस भरून वर गेलेली लेकरं अशीच असतात. कातडी सुटते, नखं वाढतात. आठ दिवसांत छान होईल."

आईनं ते ऐकलं. माझ्याकडं बघितलं नाही. बाळाला मांडीवर घेतलं आणि उजेडात, खिडकीजवळ जाऊन बसली. आमच्याकडं लहान लेकराच्या नखांना ब्लेड लावत नाहीत, तोंडानं हळूच काढतात. आईनं एकेक बोट ओठांत धरून नख दातानं तोडायला सुरुवात केली. अंगठा, मग त्याच्या शेजारचं, मग मधलं. ज्या हातांच्या पेरांवर तिनं महिने मोजले होते, त्याच हातांत माझ्या लेकीचा हात होता. दहा बोटांना तिला फार वेळ लागला. मध्येच थांबायची, डोळे पुसायची, पुन्हा सुरू.

मी वाट बघत होते. मला वाटत होतं, आता म्हणेल. "चुकलं माझं," एवढे दोन शब्द. मी एवढं सोसलं, तिनं तेवढं तरी म्हणावं. खरं सांगायचं तर मला ते ऐकायचंच होतं. ती म्हणाली नाही. दहावं बोट झालं, बाळ माझ्याजवळ दिलं, आणि म्हणाली, "पाज तिला."

त्या गोष्टीचा राग मी फार दिवस मनात ठेवला. बारसं झालं, मी सासरी आले, पुन्हा कामावर बसले. आई येत होती, नातीला अंगाखांद्यावर खेळवत होती. धोंड्याचं नाव तिनं काढलं नाही आणि मीही नाही. माझा स्वतःचा वाटा मला माहीत होता, म्हणून तिला बोलायचं तोंडही मला नव्हतं. पण ते आत राहिलं होतं.

गेल्या आठवड्यात लेकीला घेऊन गावाकडं गेले होते. शेजारची सून मनीषा आली. पहिलटकरीण, तिसरा महिना. म्हणाली, "मावशी, माझे महिने मोजून सांगा ना. पाडव्याच्या आधी दोन दिवस पाळी आली व्हती."

आईनं हात पुढं केला. अंगठा पेरावर ठेवला. चैत. वैशाख. पुढचा धोंडा होता, या वर्षी तो जेठाच्या आधी पडलाय. आईचा अंगठा त्या पेरावर जाऊन थांबला आणि तिथंच राहिला.

"हा धर," ती म्हणाली. "धोंडा बी धर. आन् दवाखान्यात जी तारीख देतील ती खरी. माझ्यावर राहू नको."

मनीषा हसली. "काहून मावशी? समदं गाव तर तुमालाच इचारतंय."

माझी मुलगी अंगणात मातीत खेळत होती. आईनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. अडीच वर्षांत पहिल्यांदा ती त्या गोष्टीबद्दल माझ्याकडं बघून बोलली, पण सांगितलं मनीषाला.

"हिची नखं म्या माझ्या दातानं तोडलीत."